काळी पोत हातात असताना

काळी पोत हातात असताना वाईट बोलायचं नाही, हा सरोजला सासूने शिकवलेला पहिला नियम. सुई कशी धरायची, दोऱ्याला पीळ कसा द्यायचा, वाट्यांच्या दोन्ही बाजूंना मणी सारखे कसे बसवायचे, हे सगळं नंतर आलं. ज्या मुलीच्या गळ्यात हे जाणार तिच्या संसारावर आपल्या तोंडचा शब्द पडू नये. मंगळसूत्र तुटलं तरी तुटलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. दुखणं, मरण, कोर्टकचेरी यातलं काहीही पोतीजवळ काढायचं नाही. सासू गेल्याचा फोन आला तेव्हा सरोजने आधी हातातली सुई उशीला टोचून ठेवली, पोत डब्यात घालून झाकण लावलं, आणि मग रडली.

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. खिडकीशी एक बसकं टेबल, त्यावर पांढरा रुमाल, रुमालावर काळ्या मण्यांचा ढीग. आसपासचे सराफ मंगळसूत्रं गाठवायला तिच्याकडेच पाठवत. सरोजने गाठवलेलं मंगळसूत्र वर्षानुवर्षं वाढत नाही, असं बायका सांगायच्या. हे काम होतं म्हणून घरात तिच्या शब्दाला वजन होतं, आणि डोळे होते म्हणून हे काम होतं. ही साखळी तिला पक्की माहीत होती.

म्हणूनच, मागच्या वर्षी चष्मा लावूनही मण्याचं भोक सापडेना तेव्हा ती मनातून हादरली. सुई टोकाशी जाऊन घसरायची. दोन-तीनदा मणी कमीजास्त बसले. एका सराफाने पोत परत पाठवली आणि फोनवर फार अदबीने विचारलं, "ताई, बारीक काम आता दुसरीकडे देऊ का? तुम्हाला त्रास नको."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

नवऱ्याने, चांगदेवने, तिला गुरुदत्त सरांचं नाव सांगितलं. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी डोळ्यांच्या व्यायामाचा वर्ग घ्यायचे. उंच, सावकाश बोलणारे, पांढरा झब्बा घालणारे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. गुरुदत्त सर भोंदू नव्हते. भोंदू असते तर पुढचं सगळं एवढं अवघड झालं नसतं. त्यांची स्वतःची जुनी डोकेदुखी या व्यायामांनी थांबली होती, आणि आपल्याला मिळालं ते दुसऱ्याला द्यावं एवढीच त्यांची इच्छा होती.

"काही आजार वगैरे?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं. "रक्तदाब, मधुमेह? डोळ्यांचा संबंध सगळ्याशी असतो, म्हणून विचारतो."

सरोज म्हणाली, "काही नाही."

हे खरं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी गणपती मंडळाच्या तपासणीत तिची साखर वाढलेली निघाली होती. गोळ्या सुरू झाल्या, कधी घेतल्या, कधी राहिल्या. त्या आजाराचं नाव तिने कधीच घेतलं नाही. अगदीच कुणी विचारलं तर म्हणायची, "थोडी गोडी आहे अंगात." दिवसभर हातात पोत असणाऱ्या बाईला वाईट शब्द टाळायची इतकी सवय लागली होती, की पोत खाली ठेवली तरी ते शब्द तोंडात येत नसत. शिवाय तिथे चार बायका ऐकत होत्या. नवरीचं मंगळसूत्र आजारी हातांनी गाठवलेलं कुणाला आवडेल?

वर्ग तिला आवडला. मान स्थिर ठेवून अंगठ्यामागे डोळे फिरवायचे. जवळ धरलेल्या पेन्सिलीचं टोक बघायचं, मग लांबच्या पाण्याच्या टाकीवरचा कावळा. तोंडात पाण्याची चूळ धरून डोळ्यांवर गार पाणी मारायचं. दिव्याच्या ज्योतीकडे टक लावायची. शेवटी तळवे एकमेकांवर चोळून ऊब आली की ते डोळ्यांवर ठेवायचे. "काळोख येऊ द्या," सर हळू आवाजात म्हणायचे. "पूर्ण, गडद, मखमली काळोख. जितका काळोख दाट, तितका डोळा विश्रांत." तेवढा वेळ सरोजला फार बरं वाटायचं. मण्यांचा काळा रंग डोळ्यांत पसरल्यासारखं.

वर्ग उपाशीपोटी असे. न्याहारीआधीची गोळी घरीच राहू लागली, आणि काही दिवसांनी तिची आठवणही राहिली नाही. व्यायाम झाला की सगळ्यांना गाजराचा रस मिळायचा, त्यात मध. घरी घ्यायला सरांनी चूर्ण सांगितलं होतं, बदाम, बडीशेप आणि खडीसाखर सारख्या प्रमाणात, सकाळ-संध्याकाळ दुधातून. डोळ्यांसाठी हे चूर्ण घराघरांत देतात, त्यात सरांनी वावगं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, आणि तिने काही नाही म्हणून सांगितलं होतं.

पुढे एका सकाळी तो प्रकार घडला. सरोज खिडकीशी बसली होती. चष्मा आतल्या खोलीत राहिला होता, उठायचा कंटाळा आला, म्हणून तिने उगाच सुई उजेडात धरली. सुईचं नेढं स्वच्छ दिसत होतं, त्याच्या कडेला लागलेला मेणाचा कणसुद्धा. दोरा पहिल्याच झटक्यात आत गेला. तिने एक मणी उचलला, मग दुसरा. भोकं टपोरी, ठसठशीत. तिने चांगदेवला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला, आणि आपली बायको चष्म्याशिवाय पोत ओवते आहे हे बघत राहिला.

त्या दिवसापासून सरोज त्या गच्चीचा अभिमान झाली. नवीन कुणी आलं की सर म्हणायचे, "सरोजताई, जरा दाखवा." ती पर्समधून सुई-दोरा काढायची, उजेडाकडे तोंड करायची आणि ओवून दाखवायची. सराफांकडचं बारीक काम परत आलं. ती बारीकही झाली. ब्लाउज सैल पडायला लागले.

"अर्धी राहिलीस," चांगदेव म्हणायचा. "उरलेली कुठे ठेवलीस?"

"तुमच्या पोटात गेली."

"आणि रात्रभर किती वेळा उठतेस गं? माझी झोपमोड होते."

"पाणी प्यायचं नाही का मग? सर म्हणतात, भरपूर पाणी प्या."

पाणी ती खरंच फार प्यायची. टेबलाशी तांब्या भरून ठेवलेला असायचा आणि बघता बघता रिकामा व्हायचा. तहान भागली असं कधी वाटायचंच नाही. त्याच दिवसांत त्यांच्या न्हाणीघरात मुंग्या आल्या. स्वयंपाकघरात एकही नाही, देवघरात नाही. न्हाणीघराच्या भिंतीवरून एक बारीक काळी ओळ उतरायची आणि संडासाच्या भांड्याभोवती फिरायची.

"साखर सोडून या इथे काय शोधतात?" चांगदेव हसून म्हणाला. त्याने मुंग्यांचा खडू आणून चौफेर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी मुंग्या रेघेच्या आत होत्या. लांबून ती ओळ सरोजला हलणाऱ्या पोतीसारखी दिसली, आणि का कोण जाणे, तिला ती नीट बघवली नाही.

ठाण्यात एका सभागृहात सरांनी मोठा कार्यक्रम ठरवला. मंचावर सरोजने चष्म्याशिवाय मंगळसूत्र गाठवून दाखवायचं होतं. त्याचं आमंत्रण द्यायला आणि, खरं सांगायचं तर, थोडं मिरवायला ती भाचीकडे गेली. भाची म्हणजे भावाची मुलगी स्वप्ना. ती डोळे तपासण्याचा कोर्स करून ठाण्यातच खोपटला एका चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची. आत्याला चष्मा तिनेच करून दिला होता.

खोपटच्या एसटी स्टँडसमोर सरोज क्षणभर घोटाळली. समोर गाड्या उभ्या होत्या, पण पाट्यांवरची अक्षरं पिठात बुडवल्यासारखी पांढुरकी झाली होती. नजर दमली असेल, असं म्हणून ती दुकानात शिरली.

"आत्या, किती वाळलीस गं," स्वप्ना म्हणाली. "आणि चष्मा कुठेय?"

"बघच आता." सरोजने काउंटरवर रुमाल पसरला, पर्समधून एका नवरीची अर्धी झालेली पोत काढली आणि तिथल्या तिथे मणी ओवू लागली. दुकानातलं एक गिऱ्हाईक कौतुकाने बघत राहिलं.

स्वप्नाच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक आलं नाही. "समोरच्या भिंतीवरची खालची ओळ वाच."

"ती काय वाचायची? लांब आहे."

"मागच्या वेळी वाचलेलीस. तिच्या वरची?"

सरोजने डोळे बारीक केले. "तू दिवा कमी केलास का?"

स्वप्नाने तिला आत खुर्चीत बसवलं. एकामागून एक भिंगं लावली, काढली, पुन्हा लावली. पोत सरोजच्या मांडीवर, बोटांतच होती.

"तुझा नंबर उलट्या दिशेला सरकलाय," स्वप्ना म्हणाली. "व्यायामाने असा नाही सरकत. डोळ्यातलं भिंग असतं ना, ते रक्तातल्या साखरेने फुगतं. मग जवळचं अचानक छान दिसायला लागतं आणि लांबचं जातं. तुला वाटतं डोळे सुधारले. त्या गोडीच्या गोळ्या घेतेस ना?"

"माझं सगळं व्यवस्थित आहे."

"आत्या, मी मस्करी करत नाहीये. भिंगाचं जाऊ दे, ते परत जागेवर येईल. पण मागच्या पडद्याचं काय झालंय ते मला इथून दिसत नाही. डॉक्टरकडे जाऊन, थेंब घालून बघायला लागेल. आणि हे असंच राहिलं तर तुझे डोळे..."

"थांब." सरोजचा आवाज एवढा करडा होता की बाहेरच्या गिऱ्हाइकानेही मान वळवली. "माझ्या हातात काय आहे ते बघ. ज्या मुलीचं आहे तिचं लग्न आठवड्यावर आलंय. यापुढे एक शब्द बोलू नकोस."

स्वप्ना लहानपणापासून आत्याच्या टेबलाशी खेळलेली. नियम तिला माहीत होता. तिने हातातलं भिंग खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं. खाली ठेव ती पोत. मग बोलते."

सरोजने मांडीवर पाहिलं. मणी किती सुंदर दिसत होते, एकेक वेगळा, काळाभोर. सराफाचा तो अदबशीर आवाज तिला आठवला.

तिने पोत खाली ठेवली नाही.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. मंचावर टेबल, टेबलावर पांढरा रुमाल, वर एक मोठा दिवा. कुणीतरी मोबाइल उभा करून चित्रीकरण लावलं होतं. सर सरोजबद्दल भरभरून बोलले. पहिल्या रांगेत चांगदेव नवा सदरा घालून बसला होता. स्वप्ना मागे दाराजवळ उभी होती. ती आली होती, पण आत येऊन बसली नव्हती.

सरोजने सुई ओवली. टाळ्या पडल्या. दोन वाट्या मधे घेऊन तिने मणी भरायला सुरुवात केली, आणि मंचामागच्या मोठ्या पडद्यावर तिची बोटं दिसू लागली. डाव्या बाजूने एक दोरा खाली लोंबत होता. आपलाच असेल म्हणून तिने तो बोटाने बाजूला सारला. दोरा हलला नाही. तिने पुन्हा हात फिरवला. लोकांना वाटलं, ही कामातलीच काही लकब असेल. तिने नजर उजवीकडे नेली, दोराही उजवीकडे आला. मग त्याला मणी फुटू लागले, बारीक, काळे, एकातून एक, आणि ते हवेत सावकाश खाली उतरू लागले.

तिने शेवटची गाठ बोटांच्या सवयीने मारली. मंगळसूत्र वर धरलं. सभागृह उभं राहिलं.

"आता सगळ्यांनी एकत्र," सर माइकवर म्हणाले. "तळवे चोळा. ऊब आली? ठेवा डोळ्यांवर. काळोख येऊ द्या."

सगळ्या सभागृहाने डोळे झाकले. सरोजनेही झाकले. आत काळोख होता, पण मखमली नव्हता. तो हलत होता. डाव्या बाजूला तो धुरासारखा वर चढत होता, आणि त्याच्या कडा तांबूस होत्या. जरा वेळाने सर म्हणाले, "हळूच तळवे काढा. बघा, जग कसं उजळ दिसतंय."

सरोजने तळवे काढले. उजवीकडे जग होतं. डावीकडचा काळोख तळव्यांबरोबर निघाला नाही.

ती ओरडली नाही. तिने रुमालावरचं मंगळसूत्र चाचपून डबीत ठेवलं, झाकण लावलं, आणि मग दाराच्या दिशेने म्हणाली, "स्वप्ना, जरा इकडे ये गं."

डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर वर्षानुवर्षं नको तिथे नाजूक नसा वाढत गेल्या होत्या, त्यातली एक फुटली. उजव्या डोळ्यातही तशा नसा होत्या. त्यांवर लेझर झालं, साखरेसाठी इन्सुलिनची सुई सुरू झाली, आणि डावा डोळा थोडाफार निवळला तरी त्यातून धुक्यापलीकडचं काही दिसेना. साखर उतरली तशी ती जवळची स्वच्छ नजरही गेली. जुना चष्मा कपाटातून पुन्हा बाहेर आला. लघवीतून जाणारी साखर थांबली तशा न्हाणीघरातल्या मुंग्याही एके दिवशी नाहीशा झाल्या. चांगदेवने रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि तो खाली मान घालून बराच वेळ तिथेच उभा राहिला.

गुरुदत्त सर भेटायला आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

"मी विचारलं होतं तुम्हाला, सरोजताई."

"हो. विचारलेलंत."

"तो व्हिडिओ मी काढून टाकलाय. पण पुढे कुणी कुणाला पाठवला, ते माझ्या हातात नाही." चहा न पिताच ते गेले. गच्चीवरचा वर्ग त्यांनी थांबवला. व्हिडिओ मात्र थांबला नाही.

तो बघूनच मोहने गावाहून शांताबाई आल्या. पन्नाशीच्या, हसतमुख, जिना चढून धापा टाकणाऱ्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. पुरचुंडीत वाट्या होत्या, मणी होते. दारातूनच म्हणाल्या, "टीव्हीवर दिसता तशाच आहात की. माझ्या पोरीचं तुमच्याच हातचं पाहिजे."

"टीव्हीवर नाही हो, मोबाइलवर," चांगदेव आतून पुटपुटला.

सरोज आता मोठ्या मण्यांचंच काम घ्यायची, सावकाश, चष्मा लावून, मान उजवीकडे कलती धरून. तिने वाट्या घेतल्या, दोऱ्याला पीळ दिला आणि सुरुवातीचे मणी भरले. पहिले मणी मुलीच्या आईसमोर भरायचे, ही तिची पद्धत होती.

"जरा पाणी मिळेल का?" शांताबाईंनी तांब्या उचलला, फुलपात्र बाजूला ठेवून वरूनच पाणी प्यायल्या, आणि तो रिकामा करूनच खाली ठेवला. "हल्ली शोष पडतो. तुमचे व्यायाम चालू केल्यापासून. आमच्या आळीत सगळ्या करतात. पण गुण मलाच आला. चष्मा सुटला माझा. गेल्या आठवड्यात सुई ओवली, बिनचष्म्याची. पोरगी म्हणते, आई, तू तर बारीक पण झालीस."

सरोजची बोटं थांबली. तिने चष्मा नीट केला आणि शांताबाईंच्या चेहऱ्याकडे, मग सैल पडलेल्या बांगड्यांकडे पाहिलं.

"तुम्हाला साखर आहे?"

"असते थोडी. या वयात कुणाला नसते?"

"तो व्यायामाचा गुण नाही, शांताबाई. मला असंच झालेलं. माझा हा डोळा गेला. तुमचेही..."

"ताई." शांताबाईंचं हसू मावळलं. "हातात काय आहे तुमच्या ते बघा. माझ्या लेकीचं आहे ते."

आतल्या खोलीत चांगदेवचा पंखा करकरत होता. पोत खाली ठेवावी आणि मग बोलावं, असं सरोजच्या मनात येऊन गेलं. पण खाली ठेवेपर्यंत ही बाई उठेल, हे तिला दिसत होतं.

"बघतेय," ती म्हणाली. "जेवढं दिसतं तेवढं बघतेय. तुमचेही डोळे जातील. लेकीचं लग्न दिसेल, नातवंडाचं तोंड दिसेल असं नाही. आज तपासून घ्या. माझी भाची आहे, तिला आत्ता फोन लावते."

शांताबाई उठल्या. त्यांनी सरोजच्या बोटांतून पोत ओढून घेतली. दोन मणी निसटून फरशीवर घरंगळले. वाट्या पुरचुंडीत टाकल्या. "देवासारखं समजून आले होते," एवढंच म्हणाल्या आणि कठडा धरून जिना उतरल्या.

सरोज खिडकीशी गेली. खाली शांताबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून समोरून येणाऱ्या एका टेम्पोला रिक्षा समजून हात करत होत्या. टेम्पो निघून गेला. त्यांनी डोळे बारीक केले, पदराने पुसले, पुन्हा बघितलं.

"शांताबाई," सरोजने खिडकीतून हाक मारली. "एकच सांगा. तुमच्या न्हाणीघरात मुंग्या येतात का? काळ्या, ओळीने?"

शांताबाई वळल्या नाहीत. पण चालू लागलेली त्यांची पावलं रस्त्यातच थांबली. पुरचुंडी छातीशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत आली, त्यांना वळसा घालून निघून गेली, तरी त्या हलल्या नाहीत.